लोणी काढायच्या यंत्रातून निघालेलं धुण्याचं यंत्र : ग्युटर्सलोचं मीले संग्रहालय

शिरीषफूल

आई दोन महिन्यांसाठी माझ्याकडे डॉर्टमुंडला आली होती. वय ७३, गाव वाई. कोलोनचं कॅथीड्रल झालं, ऱ्हाईन नदीतली बोट झाली, बागा झाल्या. आता आणखी काय बघायचं म्हणून विचारलं तर म्हणाली, "ते तुझं धुण्याचं मशीन जिथं होतं ना तयार, तिथं नेशील का?"

तिनं हे का विचारलं ते मला ठाऊक होतं. आमच्या भाड्याच्या घरात घरमालकीणबाईंनी ठेवलेलं मीले या जर्मन कंपनीचं जुनं मशीन आहे, २२ वर्षं झाली त्याला. आई रोज सकाळी त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायची आणि काचेतून आत बघायची. कपडे उजवीकडं फिरतात, थांबतात, डावीकडं फिरतात. "हे उलटं का फिरतं गं?" असं तिनं दोनदा विचारलं होतं. मी "पीळ बसू नये म्हणून" एवढंच सांगून कामाला लागले होते.

तर एका शनिवारच्या सुट्टीऐवजी मुद्दाम कामाच्या दिवशी रजा काढली, आधी फोन करून विचारून घेतलं आणि आम्ही दोघी रेल्वेनं ग्युटर्सलोला गेलो. डॉर्टमुंडहून तासाभराचा रस्ता. वेस्टफालियाचा हा सपाट मुलूख. दोन्ही बाजूंना कुरणं, मधेच गायींचे कळप, लाल विटांची घरं. "इथं दूधदुभतं चांगलं असणार," असं आई गाडीतच म्हणाली. त्या वाक्याचा अर्थ मला पुढं संग्रहालयात गेल्यावर लागला.

मीलेची सुरुवात धुण्याच्या यंत्रानं झालेलीच नाही. १ जुलै १८९९ ला कार्ल मीले आणि राइनहार्ड त्सिनकान या दोघांनी ग्युटर्सलोच्या जवळच हेर्त्सेब्रॉक नावाच्या गावात कारखाना काढला. माणसं ११, चार लेथ आणि एक ड्रिल मशीन. मीले तांत्रिक बाजू बघायचा, त्सिनकान व्यापाराची. काढायचे काय, तर दुधातून साय वेगळी करणारी यंत्रं, म्हणजे आपल्याकडे ज्याला क्रीम सेपरेटर म्हणतात ती. मग साय आली तशी लोणी काढायची लाकडी यंत्रं आली. आणि त्या लोण्याच्या यंत्रावरून १९०१ च्या सुमारास धुण्याचं यंत्र.

संग्रहालय लहान आहे. कंपनीच्या मुख्यालयाच्या आवारातच. निवांत बघितलं तरी दोन तासांत होतं. पण आई एकाच ठिकाणी जवळजवळ अर्धा तास उभी होती.

तिथं एक लाकडी टब आहे. जाड फळ्या उभ्या लावून बाहेरून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या, खाली तीन-चार पाय. वर लाकडी झाकण, झाकणावर दात्यांची चाकं आणि हातानं हलवायचा दांडा. झाकणाच्या आतल्या बाजूला मधोमध एक फुली आणि त्या फुलीला खाली लोंबणाऱ्या जाड लाकडी खुंट्या. दूध काढताना बसायचं बुटकं स्टूल उलटं न करता तसंच टबात सोडलं तर जसं दिसेल तसं. दांडा हलवला की ती फुली पाण्यात अर्धा फेरा इकडं, अर्धा फेरा तिकडं अशी फिरते आणि कपडे खुंट्यांत सापडून घुसळले जातात.

आई वाकून बघत होती. मग सरळ उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले, मुठी वळल्या, आणि हवेतच उजवा हात मागं ओढला, डावा पुढं सोडला, डावा ओढला, उजवा सोडला. मला वाटलं काही दुखतंय. तर म्हणते, "अगं, हा तर आपला डेरा. आणि ही रवी."

मी म्हटलं, हो, लोण्याच्याच यंत्रावरून केलंय म्हणतात.

"ते नव्हे. रवीची दोरी ओढली की रवी एकदा अशी फिरते, मग दुसरं टोक ओढलं की उलटी. घुसळखांबाशी बसायचं आणि सारखं हेच. हे बघ, हे पण अर्धं इकडं, अर्धं तिकडं. म्हणून तुझं मशीन उलटं फिरतं."

मी इंजिनिअर आहे. तिचा प्रश्न मी दोनदा एका वाक्यात उडवून लावला होता आणि तिनं त्याचं उत्तर स्वतः शोधलं.

माझी आजी, म्हणजे आईची सासू, पहाटे साडेचारला ताक करायला बसायची. दोन म्हशी होत्या. लग्न होऊन आल्यावर ते काम आईकडं आलं. ताक झालं, लोण्याचा गोळा काढून ठेवला की धुण्याची बादली घेऊन कृष्णेवर, गणपती घाटाच्या खालच्या अंगाला. उजाडायच्या आत जागा धरायची, कारण चांगला दगड मिळाला पाहिजे. म्हणजे पहाटेपासून आठ वाजेपर्यंत तिचे हात आधी दह्यात आणि मग धुण्यात, आणि दोन्हीकडं तीच ओढ-सोड. हे मी तिच्या पोटी जन्मून मला माहीत नव्हतं. जर्मनीत एका लाकडी टबासमोर कळलं.

लिहायला खूप आहे, बाकीचं प्रतिसादांत लिहीन. कुणी गेलं असेल तर सांगा. आणि तुमच्याकडं घुसळणाच्या, धुण्याच्या आठवणी असतील तर त्याही वाचायला आवडतील.

---

कृष्णाकाठ

वाचून गलबलून आलं. मी पण वाईचाच. घाटावर पहाटे धोपाटण्याचे आवाज यायचे, एकाचा आवाज थांबला की समोरच्या काठावरून त्याचाच प्रतिध्वनी. आम्हाला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं की आज किती जणी आल्यात. आईंना नमस्कार सांगा.

---

यंत्रवेडा_सांगली

फार सुंदर लिहिलंय. सेपरेटरबद्दल थोडं लिहितो, कारण माझी नोकरीची पहिली सहा वर्षं दूध डेअरीत सेपरेटर उघडून धुण्यात आणि जोडण्यात गेली.

दूध नुसतं ठेवलं तर साय वर यायला रात्र जाते, आणि तेवढ्यात उन्हाळ्यात ते नासतंही. १८७८ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ द लावालनं सतत चालणारा सेपरेटर काढला. भांडं प्रचंड वेगानं फिरवायचं. दुधातलं जड पाणी बाहेरच्या भिंतीकडं फेकलं जातं, हलकी चरबी मधे राहते, दोन तोट्यांतून दोन धारा वेगळ्या. पुढं क्लेमेन्स फॉन बेख्टोल्सहाइम या जर्मन माणसानं त्यात एकावर एक रचलेल्या शंकूच्या आकाराच्या पातळ थाळ्या घातल्या. दुधाचे पातळ पातळ थर झाले, चरबीच्या कणाला फार लांब जावंच लागत नाही, काम कितीतरी पटींनी वाढलं. आजही मोठ्यातल्या मोठ्या डेअरीत हीच रचना आहे.

आता मुद्दा. असं यंत्र हातानं फिरवायचं तर हँडलच्या एका फेऱ्याला आतलं भांडं शंभराच्या आसपास फेरे मारतं. दात्यांची चाकं चोख हवीत, भांड्याचा तोल जराही ढळता कामा नये, नाहीतर थरथरून बेअरिंग जातं. जो कारखाना हे करू शकतो त्याला धुण्याच्या यंत्राचे गिअर म्हणजे किरकोळ काम. आणि शेतकऱ्याच्या घरात विकायला जाणारा माणूस आधीच ओळखीचा. म्हणून "दुधाकडून धुण्याकडं" हा प्रवास दिसतो तितका विचित्र नाही. आपल्याकडं किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला आणि त्याच जोरावर पुढं पंप, इंजिनं केली, तसंच.

तुमच्या आईंचं निरीक्षण मात्र एकदम पक्कं आहे. साध्या हँडलनं फिरणारं लोण्याचं यंत्र एकाच दिशेनं फिरलं तरी चालतं. कपडे एकाच दिशेनं फिरवले तर दहा मिनिटांत त्यांचा दोरखंड होतो. त्यामुळे मागं-पुढं करणारी जोडणी झाकणावर बसवावी लागली. आपली रवी जन्मापासूनच उलटसुलट फिरते, कारण दोरीला दुसरा मार्गच नाही. म्हणजे त्या धुण्याच्या यंत्राच्या जवळ जर्मन लोण्याच्या यंत्रापेक्षा आपली रवी जास्त आहे!

---

शिरीषफूल

@यंत्रवेडा_सांगली, हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं.

राहिलेलं लिहिते. १९०७ मध्ये कारखाना ग्युटर्सलोला आला. लाकडी टबांतच किती प्रकार होते ते बघण्यासारखं आहे. काहींना वर आडवा दांडा, काहींना बाजूला जड चाक, म्हणजे एकदा गती आली की हाताला जोर कमी लागतो. मग त्याच लाकडी टबाला बाहेरून विजेची मोटर आणि पट्टा. वर लाकूड, खाली मोटर, शेजारी उघडा पट्टा! ओल्या जमिनीवर उभं राहून ते चालवणाऱ्या बाईचा विचार करून मला धडकी भरली.

टबाच्या कडेला दोन रूळ बसवलेले असतात, एकावर एक. हँडल फिरवायचं आणि त्यांच्यामधून ओला कपडा घालायचा, पाणी निथळून पलीकडं चपटा कपडा. आईनं त्या रुळांवरून नजर काढलीच नाही. "हे एवढं जरी तेव्हा असतं," एवढंच म्हणाली.

१९१२ ते १९१४ या दोन वर्षांत या लोकांनी मोटारगाड्याही केल्या, दीडशेच्या आत. मग तो नाद सोडला. एक गाडी संग्रहालयात आहे. नंतर सायकली केल्या, मोटरसायकली केल्या, दूध काढायची यंत्रं केली, व्हॅक्यूम क्लीनर केले. १९२९ मधलं भांडी घासायचं विजेचं यंत्र आहे, युरोपातलं त्या जातीचं पहिलं. पिंपासारखं भांडं, तळाशी पंखा, तो गरम पाणी वरच्या जाळीतल्या भांड्यांवर उडवतो. तेव्हा ते फारसं खपलं नाही. ज्या घरांना परवडलं असतं त्या घरांत भांडी घासायला माणूस होताच.

आणि अजून कंपनी त्याच दोन कुटुंबांकडं आहे, मीले ५१ टक्के, त्सिनकान ४९ टक्के, चौथी पिढी. शेअर बाजारात नाही. सव्वाशे वर्षं दोन घरांची भागीदारी टिकली याचं आईला धुण्याच्या यंत्रापेक्षाही नवल वाटलं.

---

सुमनताई

शिरीषफूल, तुझ्या आईला त्या रुळांचं का वाटलं ते मी सांगते. मी ७६ वर्षांची आहे.

धुण्यात सगळ्यात वाईट काम आपटणं नव्हे, पिळणं. आपटताना अंगाचा जोर लागतो, पिळताना नुसत्या मनगटाचा. सासूबाईंची नऊवारी लुगडी, सासऱ्यांची धोतरं, चार चादरी, आणि पावसाळ्यात सतरंजी. चादर पिळायला दोघी लागतात. एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या, ती उजवीकडं मी डावीकडं. जावेनं आणि मी अशा किती चादरी पिळल्या असतील! आमचं दोघींचं बोलणं असं फक्त तेव्हाच व्हायचं. घरात बोलायची सोय नव्हती. ती गेली त्याला चार वर्षं झाली. अजूनही गॅलरीत चादर वाळत घालताना दुसरं टोक कुणी धरेल असं वाटतं.

उजव्या मनगटाचं दुखणं मला पस्तिशीतच लागलं. डॉक्टर म्हणाले, पिळू नका. घरी आल्यावर कुणाला सांगणार?

---

रेवा

सुमनताई, वाचून थांबले. चादरीचं टोक...

---

एल्बकाठी

मी जर्मनीत १८ वर्षं आहे, मीले संग्रहालयात दोनदा गेलोय. एक गोष्ट घालतो, कारण तिच्याशिवाय हे यंत्र इथंच का रुजलं ते कळत नाही.

इथं पूर्वी कपडे रोज धुतच नसत. तागाच्या चादरी, टेबलक्लॉथ, अंगातले कपडे साठवायचे आणि काही आठवड्यांनी एकदा "मोठं धुणं" काढायचं. आदल्या दिवशी भिजत घालायचं, मग तांब्याच्या मोठ्या हंड्यात सोडा आणि साबण घालून उकळायचं, घासायचं, खळबळायचं, आणि पांढरं व्हावं म्हणून उन्हात गवतावर पसरायचं, वरून पाणी शिंपडत राहायचं. दोन-तीन दिवसांचं काम. शहरात त्यासाठी धुणाऱ्या बायका रोजावर बोलवत. आपल्याकडच्या परटाच्या भट्टीसारखंच, फक्त घरच्या तळघरात.

ग्युटर्सलोच्या शेजारचं बीलेफेल्ड तर तागाच्या कापडाचं गाव. लग्नात मुलीबरोबर कपाटभर ताग द्यायची पद्धत. जितकं जास्त कापड तितकं धुणं लांबवता येई, म्हणजे कपाटातल्या चादरींवरून घराची ऐपत कळायची.

१९०७ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या हेन्केलनं पर्सिल आणलं. नाव परबोरेट आणि सिलिकेट यांवरून. पाणी तापलं की परबोरेटमधून प्राणवायू सुटतो आणि कापड उजळतं. गवतावर वाळवून पांढरं करायची गरज संपली. पण पाणी उकळतं हवं. म्हणून इथल्या मशीनमध्ये पाणी तापवायची सोय आतच आली, आणि अजूनही ९५ अंशांचं बटण असतं. आपल्याकडं थंड पाण्यात धुवायची सवय, म्हणून वरून कपडे टाकायची, आत पंखा फिरणारी मशीन आधी आली. कुठल्या घरात कसं धुणं होतं त्यावर यंत्राचं पोट ठरतं.

---

नंदादीप

एक विचारू का? संग्रहालयात युद्धाच्या काळाबद्दल काय आहे? त्या काळात तिथल्या जवळजवळ सगळ्या कारखान्यांत शस्त्रास्त्रांचं काम चालायचं आणि परदेशातून जबरदस्तीनं आणलेल्या मजुरांना राबवलं जायचं. नुसती लाकडी टबांची कौतुकं वाचून मला तेवढं राहून गेल्यासारखं वाटलं.

---

शिरीषफूल

@नंदादीप, प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळायला नको होता. मीलेच्या कारखान्यांतही युद्धसाहित्य झालं आणि सक्तीच्या मजुरांना राबवलं गेलं. आम्ही गेलो तेव्हा माझा बहुतेक वेळ आईबरोबर पहिल्याच दालनात गेला आणि त्या वर्षांसमोरून मी घाईनं पुढं निघाले. पुन्हा जाईन तेव्हा तिथं थांबेन.

---

रेवा

मी काल लिहायला घेतलं आणि पुसलं. आज लिहितेच.

माझी आई पुण्यात धुणीभांडी करायची. सात घरं. सकाळी सहाला निघायची, दोनला घरी. धागा वाचताना सगळीकडं "आईचे हात", "सासूबाईंचे हात" आलं. पण १९९० च्या आधीच्या शहरातल्या किती घरांत धुणं घरच्या बाईनं केलं? माझ्या आईसारखीनं केलं. यंत्रानं कुणाचे हात मोकळे झाले हा प्रश्न विचारायचा तर आमच्या घराकडूनही विचारला पाहिजे.

थंडीत तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या. धुण्याच्या सोड्यानं त्या भेगा झोंबायच्या. रात्री ती कोकमाचं तेल तव्यावर पातळ करून त्या भेगांत भरायची, एकेका बोटाला, आणि मग हात वर धरून बसायची, कारण तेल अंथरुणाला लागलं तर ते धुणार कोण. मी तिच्याशेजारी अभ्यास करायचे. तेलाचा तो वास मला अजून ओळखू येतो.

मी सातवीत असताना एका घरी मशीन आलं. त्या बाई चांगल्या होत्या, आईला चहा द्यायच्या. पण त्यांनी धुण्याचे पैसे बंद केले आणि फक्त भांड्यांचे ठेवले. मग दुसऱ्या घरी आलं. तीन वर्षांत सातापैकी चार घरी. आईनं आणखी तीन घरं भांड्यांची धरली. भेगा कमी झाल्या, चालणं वाढलं, पैसे तेवढेच राहिले.

मला नोकरी लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मी घरी मशीन आणलं, जुनं, दोन टबांचं. एकात धुवायचं, उचलून दुसऱ्यात पिळायला टाकायचं. आणलं त्या दिवशी आईनं आधी ते पुसून काढलं, मग दार लावून घेतलं आणि आमच्या तिघांचे कपडे टाकले. मी बाहेर होते. अर्ध्या तासानं आत गेले तर ती झाकण उघडून बघत होती. म्हणाली, "चार घरचं धुणं यानं घेतलं माझं. बघते कसं करतं."

चांगलं करतं म्हणाली. गळपट्टीला मात्र हात लावावा लागतो म्हणाली.

---

सुमनताई

रेवा, बाळा. मी जे लिहिलं ते खरंच आहे, पण तू लिहिलंस ते माझ्या घरातही होतं. माझ्या मनगटाचं दुखणं वाढल्यावर आमच्याकडं धुण्याला ज्या यायच्या त्यांना मी कधी विचारलं नाही की तुमचं मनगट कसं आहे. आज विचार करत बसले.

---

शिरीषफूल

रेवा, तुमचा प्रतिसाद मी पाच-सहा वेळा वाचला. आईलाही वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तिच्या आईला सांग, गळपट्टीचं खरं आहे."

वर एल्बकाठी यांनी लिहिलंय की जर्मन शहरांत धुणाऱ्या बायका रोजावर यायच्या. त्या लाकडी टबांचे दांडे पहिल्यांदा त्यांच्याच हातांनी हलवले असणार. संग्रहालयात यंत्राचा क्रमांक असतो, साल असतं. दांडा हातांनी घासून गुळगुळीत झालेला दिसतो. ते हात कुणाचे ते कुठं लिहिलेलं नसतं.

---

माळ्यावरचा_ट्रंक

धागा फार चांगला चाललाय. आपल्याकडं असं काही आहे का, असं वाटणाऱ्यांसाठी थोडी माहिती.

विक्रोळीला गोदरेजचं अभिलेखागार आहे. १८९७ साली कुलपांपासून सुरुवात झालेल्या घराण्याच्या उद्योगाची कागदपत्रं, फोटो, जुन्या जाहिराती तिथं जपल्यात. १९५१ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी केलेल्या मतपेट्या, १९५५ चा टाइपरायटर, १९५८ चा फ्रिज हे सगळं याच कारखान्याचं. अभ्यासासाठी आधी विचारून जाता येतं.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय तर घरगुती वस्तूंचं माहेरच. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, पाणी तापवायची, स्वयंपाकाची भांडी गोळा केली, लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय केलं. शाळेच्या सहलीत आपण मस्तानी महाल बघून बाहेर पडतो. भांड्यांच्या दालनात अर्धा तास घालवून बघा.

पण विजेच्या घरगुती यंत्रांचं, आपल्या हवापाण्यातल्या आणि आपल्या स्वयंपाकाच्या यंत्रांचं संग्रहालय आपल्याकडं व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. सुमीत मिक्सरचंच घ्या. परदेशी मिक्सर आपलं वाटण वाटताना जळायचे. इडलीचं पीठ, ओलं खोबरं, सुकी हळद त्यांच्या मोटरला झेपायचं नाही. मुंबईच्या सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरनं घरचाच जळलेला मिक्सर बघून दणकट मोटरचा मिक्सर करायला घेतला आणि १९६३ मध्ये कारखाना काढला. पाटा-वरवंट्यावरून उठलेल्या किती बायका त्या आवाजाशी जोडलेल्या आहेत! आणि औरंगाबादजवळ चितेगावला टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन बनायच्या, मराठवाड्यातल्या किती पोरांची पहिली नोकरी तिथली. ती मशीन कुणी ठेवलीत का? भंगारात गेली असतील तर अजूनही शोधली तर चार-दोन सापडतील.

---

यंत्रवेडा_सांगली

+१. माझ्या मामाकडं जुना सुमीत आहे, चालू. कुणी खरंच संग्रहालय काढलं तर मी पोचवून देईन, वर दुरुस्तीलाही येईन.

---

एल्बकाठी

जाणाऱ्यांसाठी : ग्युटर्सलो स्टेशनवरून चालत जाता येतं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना मोटारगाडी आवडते. आणि वेळ काढून बीलेफेल्डही करा, गाडीनं दहा-बारा मिनिटं. जुन्या गावात विणकराचा पुतळा आहे. एका कापडगावाला पाठीवर गठ्ठा घेतलेल्या माणसाचा पुतळा उभारावासा वाटला, हे मला फार आवडतं.

---

शिरीषफूल

आई परवा वाईला पोचली. आल्या आल्या माळ्यावर चढली (मी फोनवर ओरडत होते) आणि रवी शोधून काढली. फोटो टाकता येत नाहीये म्हणून लिहून सांगते. बाभळीचा दांडा आहे, साडेतीन फुटांचा. मधोमध दोरीच्या विळख्यांनी झिजून बारीक झालाय, तिथं चार चरे पडलेत, जवळजवळ करंगळीएवढे खोल. खालच्या फुलाच्या आठ पाकळ्यांपैकी एक तुटलेली. डेरा कधीच फुटला. घुसळखांब घराचं काम काढलं तेव्हा गेला.

तिला ती पुसून, तेल लावून दिवाणखान्यात लावायची आहे. दोरीसकट. सुतळी बांधून बघितली, म्हणते जाड वाटते आणि हाताला टोचते, चऱ्यांत बसतही नाही. नायलॉन तर नकोच. पूर्वी दोरी कशाची असायची ते तिला आठवत नाही, कारण ती सासूबाई वळायच्या. कुणाला माहीत आहे का?

---

कृष्णाकाठ

आमच्याकडं केतकीच्या वाखाची असायची, पण ती नवी असताना खरखरीत लागते. ताकातुपाचे हात लागून लागून मऊ व्हायची.

---

रेवा

माझ्या आईला विचारलं. म्हणाली, जुन्या सुती लुगड्याचे काठ फाडून त्याची तीन पदरी वळायची, ओली करून. काठ घट्ट विणलेला असतो, तुटत नाही आणि तळव्याला लागत नाही. तिच्याकडं एक इरकलीचं जुनं लुगडं आहे. शिरीषफूल, आईंचा पत्ता मला निरोपातून कळवा, ती वळून पाठवते म्हणाली.